छत्री, कंदील, जोडा : १९६७ सालचे तीन सफरनामे

१९६७ साली स्वतंत्र भारत वीस वर्षांचा झाला. वाढदिवस थाटात साजरा करावा अशी घरची स्थिती मात्र नव्हती. चीन आणि पाकिस्तानशी दोन युद्धं होऊन गेली होती. नेहरू १९६४ मध्ये गेले, शास्त्रीजी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला. लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला, बिहारमध्ये दुष्काळ पडला आणि पीएल-४८० करारातला अमेरिकन गहू रेशनच्या दुकानात आला. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. १९६७च्या निवडणुकीत एकामागून एक राज्यांतली काँग्रेसची सत्ता गेली. त्याच वर्षी मे महिन्यात डॉ. झाकिर हुसेन राष्ट्रपती झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले मुसलमान.

आपण नेमके कोण आहोत आणि कुठे निघालो आहोत, हा प्रश्न त्या वर्षी हवेतच होता. गंमत अशी की तो प्रश्न सर्वांत मोकळेपणाने विचारला तो सरकारच्याच एका खात्याने. मुंबईच्या पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनने त्या एका वर्षात तीन अनुबोधपट काढले. एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अॅम ट्वेंटी’, एस. सुखदेव यांचा ‘इंडिया ’६७’ आणि चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. तिघांच्या शैली अगदी वेगळ्या. पण तिघंही देशात फिरतात, वाटेत भेटेल ते पाहतात, ऐकतात. आणि ‘हा पाहा आपला महान देश’ असं सांगणारा आवाज तिन्हींत नाही.

रस्त्यावर घडणाऱ्या चित्रपटाला आज सरसकट ‘रोड मूव्ही’ म्हणतात आणि त्याची वंशावळ हॉलिवूडच्या ‘ईझी रायडर’पासून सांगतात. तो चित्रपट १९६९चा. आपल्याकडची ही तीन छोटी कामं त्याच्या दोन वर्षं आधीची. मला त्यांना सफरनामे म्हणावंसं वाटतं. मी ज्या दोन भाषा शिकवतो त्या दोन्हींत हा प्रकार मुरलेला आहे. उर्दूत यूसुफ खान कंबलपोश यांचा विलायतेचा सफरनामा १८४७ साली छापला गेला. मराठीत विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेत गेले आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये पुस्तकरूपाने आला. दोघांचंही वैशिष्ट्य एकच. निघताना मनात जे होतं त्यापेक्षा वाटेत दिसलं ते मोठं ठरलं. चांगल्या सफरनाम्याची कसोटीही हीच आहे. प्रवासी आपलं आधीचं मत जसंच्या तसं घेऊन परतला, तर तो प्रवास झालाच नाही.

पडद्यावरचा सरकारी आवाज

या तीन चित्रपटांचं वेगळेपण कळायला आधी फिल्म्स डिव्हिजनचा नेहमीचा माल कसा असे ते आठवावं लागेल. १९४८ मध्ये हे खातं सुरू झालं. वार्तापट आणि अनुबोधपट काढायचे, डझनभराहून अधिक भाषांत त्यांचं निवेदन करायचं आणि देशभरच्या चित्रपटगृहांत पाठवायचे, असं त्याचं काम. मुख्य चित्रपटाआधी ते दाखवणं थिएटरवाल्यांना परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होतं. ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही अक्षरं आली की अर्धे प्रेक्षक बाहेर बिडी ओढत असत आणि उरलेले शेंगदाणे सोलत असत. पण कान उघडे असतच. धरण, पोलाद कारखाना, आदिवासींचं नृत्य, नवं वाण लावणारा शेतकरी, कुटुंबनियोजन. चित्र कोणतंही असो, त्यावर एक भारदस्त आवाज असे. इंग्रजीत तो बहुतेकदा झुल वेलानींचा.

हा आवाज वाईट नव्हता. बहुसंख्य निरक्षर असलेल्या देशाला भाक्रा कुठे आहे हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. पण त्या आवाजाची एक खोड होती. तो कोणत्याही दृश्याला एकटं सोडत नसे. डोंगर दिसला की तो सीमेचा रक्षक, नदी दिसली की ती विजेचा साठा, माणूस दिसला की तो अमुक प्रांताचा प्रतिनिधी. पगडीवाला शीख, लुंगीवाला तमिळ, फेजवाला मुसलमान असे सगळे एका रांगेत उभे राहून हसत. विविधतेत एकता. त्या रांगेत प्रत्येकाला जागा होती, तोंड मात्र नव्हतं.

ही घडी मोडली ती जाँ भावनगरी यांनी. हे मूळचे मुंबईचे पारशी, जहांगीर भावनगरी. पॅरिसला युनेस्कोत काम केलेले, हौशी जादूगार आणि कुंभारकाम करणारे कलावंत. पन्नाशीच्या दशकात ते एकदा फिल्म्स डिव्हिजनमध्ये येऊन गेले होते. १९६५च्या सुमारास, इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना, ते सल्लागार म्हणून परतले. दोन-तीन वर्षंच राहिले. तेवढ्यात त्यांनी खात्यातल्या आणि खात्याबाहेरच्या लोकांना सांगितलं की तुम्हाला जो चित्रपट काढावासा वाटतो तो काढा. प्रमोद पतींचे डोळे दिपवणारे प्रयोग, के. एस. चारी आणि टी. ए. अब्राहम यांचा ‘फेस टू फेस’ हे सगळं त्याच हवेतलं. सरकारी पैशांतून सरकारी आवाज बाजूला ठेवण्याची ती मुभा होती. अशी मुभा आपल्या इतिहासात फार वेळा मिळालेली नाही.

‘देशाविषयी तुला काय वाटतं?’

‘आय अॅम ट्वेंटी’ची कल्पना साधी आहे. देश जन्मला त्या वर्षी जन्मलेली मुलं-मुली शोधायची, गावोगाव जाऊन त्यांच्यासमोर कॅमेरा आणि माइक ठेवायचा आणि विचारायचं : स्वातंत्र्य म्हणजे काय? पुढे काय करायचंय? देशावर प्रेम आहे का? शास्त्री मूळचे कॅमेरामन. त्यांनी मुलाखतींची सरळ माळ ओवली नाही. एकाचं उत्तर पुरतं विरायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. आगगाडी धावते, गावं मागे पडतात, चेहरे बदलतात. वीस मिनिटांच्या आत तुम्ही देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन येता.

त्यात आगगाडीने प्रवास करणारा एक चुणचुणीत तरुण आहे. अस्खलित इंग्रजीत तो सांगतो की त्याला हा सगळा देश फिरायचाय. सोबत वही, टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा घ्यायचा आणि लोक काय म्हणतात ते टिपायचं. चित्रपट स्वतः जे करतोय तेच त्याचं स्वप्न. पण हा एकटाच बोलला असता तर ती पुन्हा एक सरकारी जाहिरात झाली असती. दुसरा मुलगा स्वातंत्र्य म्हणजे उपाशी मरायचं स्वातंत्र्य अशा अर्थाचं काही ऐकवतो. आणखी एक जण देशप्रेमाच्या प्रश्नावर खांदे उडवतो; तसं काही आपल्याला वाटत नाही, असं सांगून मोकळा होतो. आणि हे सगळं स्वातंत्र्याच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने, सरकारी खर्चाने, सरकारी शिक्क्यासह!

हा चित्रपट मी वर्गात अनेकदा दाखवलाय. मुलं माझ्या अपेक्षेपेक्षा शांतपणे पाहतात. दरवेळी एकाच जागी चुळबुळ होते. तो ‘मला काही वाटत नाही’ म्हणणारा मुलगा आला की ती एकमेकांकडे बघतात. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, याला नंतर काही झालं नाही?”

प्रश्न भाबडा नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. दर ऑगस्टला ‘माझा देश’ या विषयावर निबंध असतो आणि दर ऑगस्टला वह्या तपासताना मला तेच नमुने दिसतात. सुरुवात अशफाकुल्ला खान यांच्यापासून. मग १९६५च्या युद्धात शहीद झालेले परमवीरचक्र अब्दुल हमीद. मग कलामसाहेब. शेवटी एक वाक्य की आम्हीही या देशासाठी रक्त सांडलंय. तेरा-चौदा वर्षांची पोरं. त्यांना विषय दिलाय ‘माझा देश’ आणि ती लिहितात जामीनपत्र. त्यांच्या गल्लीतलं चिंचेचं झाड, मामाच्या गावाला जाणारी एसटी, पावसाळ्यात नदीला येणारं पाणी यांतलं काहीच त्यांना ‘देश’ या शब्दाखाली लिहावंसं वाटत नाही. कारण घरातून, बाजारातून, टीव्हीतून ती एवढं शिकलेली असतात की हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा वेगळ्या सुरात विचारला जातो.

शास्त्रींच्या चित्रपटाची किंमत मला इथे कळते. प्रेम आहे की नाही हे विचारायला हरकत नाही. पण खरा प्रश्न तोच, ज्याचं ‘नाही’ हेही उत्तर चालतं. ज्याचं एकच उत्तर चालतं त्याला प्रश्न म्हणत नाहीत, झडती म्हणतात. १९६७ सालच्या त्या मुलांची कुणी झडती घेतली नाही. त्यामुळे त्यांच्यातल्या ज्यांनी ‘हो’ म्हटलं, त्यांच्या ‘हो’लाही वजन आलं.

किडा, कुत्रा आणि घामाचा थेंब

सुखदेव यांचा ‘इंडिया ’६७’ हा तिघांतला सर्वांत ऐसपैस. रंगीत, सुमारे तासाभराचा. उत्तर-दक्षिण, शेत-कारखाना, देऊळ-बाजार, वाळवंट-शहर अशी सगळीकडे तो नजर फिरवतो. निवेदनाचा एक शब्दही नाही. आहेत ते प्रसंगातले आवाज आणि संगीत. सुखदेव हे पॉल झिल्स या जर्मन माहितीपटकाराकडे उमेदवारी करून तयार झालेले, तापट, थेट बोलणारे. त्यांच्या चित्रपटात विरोधाभास ठासून भरलेले आहेत : जुनं-नवं, श्रीमंत-गरीब, भक्ती-यंत्र. कधीकधी ते जरा जास्तच ठासलेले वाटतात.

सत्यजित राय यांना हा चित्रपट आवडला, पण त्यांनी त्याचं कौतुक या मोठ्या विरोधाभासांसाठी केलं नाही. त्यांच्या लक्षात राहिल्या त्या बारीक गोष्टी. तापलेल्या वाळूवरून चालणारा काळा किडा. उभ्या सायकलीवर तंगडी वर करणारं रस्त्यावरचं कुत्रं. एका वादकाच्या नाकाच्या शेंड्याला लोंबणारा घामाचा थेंब.

रायसाहेबांची ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. देश दाखवायचा म्हटलं की आपण मोठं मोठं शोधतो. हिमालय, ताजमहाल, संसद, क्षेपणास्त्र. पण या मोठ्या गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या मालकीच्या होऊन बसलेल्या असतात. त्यांचा अर्थ आधीच ठरलेला असतो आणि तो अर्थ मान्य नसेल तर भांडण सुरू होतं. किड्याचं तसं नाही. तो वाळवंटात आहे, त्याच्या पायाखाली वाळू भाजतेय, एवढंच. घामाचा थेंब कोणत्या धर्माचा हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. भूप्रदेशाशी माणसाचं नातं जुळतं ते अशा बिनमालकीच्या तपशिलांतून. गाव सोडून गेलेला माणूस आठवण काढतो तेव्हा त्याला जिल्ह्याचा नकाशा आठवत नाही. विहिरीच्या काठावरची निसरडी पायरी आठवते.

चित्रकाराच्या नजरेतून

तिसरा सफरनामा सर्वांत छोटा आणि सर्वांत अवघड. पंधरा-सतरा मिनिटांचा, कृष्णधवल. भावनगरींनी हुसेन यांना बोलावलं आणि चित्रपट काढायला सांगितलं. हुसेन पंढरपुरात जन्मले, इंदूरला वाढले, तीसच्या दशकात मुंबईला आले आणि सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरू लागले. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधून ते पुढे आले. ‘जमीन’ या त्यांच्या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे १९६७ मध्ये ते नामवंत होते. पण सिनेमाशी त्यांचा संबंध पडद्याच्या बाहेरच्या बाजूने, होर्डिंगवरून आलेला.

ते राजस्थानात गेले. बुंदी, चितोड, जैसलमेर. चित्रपटाच्या सुरुवातीला थोडक्यात एवढंच कळतं की यात गोष्ट नाही. वाटेने जाताना एका चित्रकाराच्या मनावर जे ठसे उमटले ते आहेत. त्यानंतर शब्द संपतात. विजय राघव राव यांचं संगीत आणि चित्रं. दगडी भिंती, पाणी वाहणाऱ्या बाया, पोरं, गुरं, ऊन. आणि या सगळ्यात अधूनमधून तीन वस्तू हजर होतात : एक छत्री, एक कंदील, एक जोडा. वाळवंटात छत्रीचं काम काय? भर उन्हात कंदील कशाला? चित्रपट उत्तर देत नाही.

हुसेन यांची चित्रं पाहिलेल्यांना या वस्तू ओळखीच्या वाटतील. त्यांचे आजोबा पत्र्याचं आणि कंदिलांचं काम करत. आई ते दीड-दोन वर्षांचे असतानाच वारली. तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. आजोबांच्या सावलीत वाढलेल्या पोराची याददाश्त या वस्तूंना चिकटलेली होती. जोड्याचीही एक कथा आहे. हुसेन सांगत की १९६४ मध्ये कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या अंत्ययात्रेपासून त्यांनी पायताण सोडलं. हिंदीत लिहिणारा हा मराठी घरातला कवी हलाखीत गेला आणि जिवंतपणी त्याचं काव्यसंग्रहाचं पुस्तकही निघालं नव्हतं. हे लक्षात ठेवलं की अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या चित्रपटातला तो रिकामा जोडा वेगळा दिसू लागतो.

म्हणजे हुसेन यांनी काय केलं? इंदूरच्या गल्लीतली आपली आठवण उचलली आणि राजस्थानच्या मातीत नेऊन ठेवली. हा प्रदेश त्यांच्या जन्माचा नव्हे, भाषेचा नव्हे. तरी त्यांनी तो कुणाची परवानगी न घेता, कुठलाही दावा न करता, आपल्या घरातल्या तीन वस्तू मांडून आपलासा केला. आपण नव्या घरात राहायला जातो तेव्हा पहिल्या दिवशी हेच करतो.

ते कुठे गेले तेही पाहायला हवं. चितोड. १३०३ मध्ये अलाउद्दीन खिलजीने या गडाला वेढा घातला. अमीर खुसरो त्या मोहिमेत होते. त्यांच्या वृत्तांतात पद्मिनीचं नाव नाही. तिची कथा रंगवली ती दोनशेहून अधिक वर्षांनी, १५४० मध्ये, मलिक मुहंमद जायसी या सूफी कवीने, अवधीत. म्हणजे चितोडची जी आठवण पुढे मुसलमानांविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली, ती एका मुसलमान कवीच्या प्रेमाख्यानातून वाढली. २०१७ मध्ये याच कथेवरच्या चित्रपटाच्या जयपूरमधल्या सेटवर हल्ला झाला. नाव बदलून तो २०१८ मध्ये आला. तोपर्यंत चितोड हे नाव उच्चारलं की कोण कोणाच्या बाजूचा हे आधी ठरवावं लागत होतं.

हुसेन चितोडला गेले आणि त्यांनी या वादातलं काहीही सांगितलं नाही. खिलजी नाही, पद्मिनी नाही, जौहर नाही. खुलासा नाही, माफी नाही, प्रत्युत्तरही नाही. हे इतिहासाकडे पाठ फिरवणं नव्हे. ज्या दगडांवर सातशे वर्षांची भांडणं लिहिली गेलीत, ते दगड आज सकाळच्या उन्हात कसे दिसतात हे पाहण्याचाही एक हक्क असतो. तो हक्क त्यांनी बजावला.

आणि जैसलमेर. १९६५च्या युद्धाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पश्चिम राजस्थानची सीमा त्या युद्धात पेटली होती. त्या सीमेजवळ एक मुसलमान चित्रकार सरकारी कॅमेरा घेऊन जातो आणि छत्रीचं चित्रण करून परततो. त्याच्या हाती कॅमेरा देताना भावनगरींना यात काही वावगं वाटलं नाही, आणि चित्रपटात कुठेही हुसेन आपली निष्ठा सिद्ध करायला थांबत नाहीत. त्या वर्षी बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम प्रायोगिक चित्रपट म्हणून गौरव झाला.

त्याच वाळूचं पुढे काय झालं

भूप्रदेश जागचा हलत नाही, त्याचा अर्थ हलतो. जैसलमेरचंच पाहा. १९७१ मध्ये तिथल्या लोंगेवालाला रणगाड्यांची लढाई झाली. मे १९७४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या पोखरणला अणुस्फोट झाला. त्याच वर्षअखेरीस राय यांचा ‘सोनार केल्ला’ आला आणि बंगाली मुलांसाठी जैसलमेरचा पिवळा किल्ला सोन्याचा झाला. १९९७ मध्ये ‘बॉर्डर’ आला. आज माझ्या विद्यार्थ्यांना वाळवंट म्हटलं की तोच आठवतो : वाळू, तोफा, घोषणा. छत्री कुणालाच आठवत नाही. आठवणार तरी कशी?

त्या तीन सफरनाम्यांचे कर्तेही सत्तरच्या दशकाने बदलले. सुखदेव यांनी बांगलादेश मुक्तिसंग्रामावर ‘नाइन मन्थ्स टू फ्रीडम’ केला, पण आणीबाणीत ते सरकारच्या बाजूने चित्रपट काढू लागले. ‘थंडर ऑफ फ्रीडम’ हा त्यांतला एक. ज्याने निवेदकाचा आवाज काढून टाकला होता, त्याच्याच पडद्यावर तो आवाज परत आला. हुसेनही त्या मोहातून सुटले नाहीत. १९७५ मध्ये त्यांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवलं. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना आपण आपले मानतो त्यांचंही सगळं गोड मानून घेणं म्हणजे पुन्हा ‘माझा देश’ निबंधच लिहिणं.

पण त्याच काळात हुसेन आणखी एका सफरीवर होते. राममनोहर लोहियांनी त्यांना सुचवलं की बड्या लोकांच्या दिवाणखान्यापुरतं रंगवू नका, रामायण रंगवा. हैदराबादला बद्रीविशाल पित्तींच्या घरी राहून त्यांनी रामायणाची मोठी चित्रमालिका केली. १९८६ मध्ये राज्यसभा, १९९१ मध्ये पद्मविभूषण. १९९६ मध्ये त्यांच्या वीसेक वर्षं जुन्या चित्रांवरून गदारोळ उठला. १९९८ मध्ये मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. जागोजागी खटले पडले.

यात एक पान आपल्या समाजाचंही आहे आणि ते वगळून हा इतिहास सांगता येणार नाही. २००४ मध्ये हुसेन यांचा ‘मीनाक्षी : ए टेल ऑफ थ्री सिटीज’ आला. हैदराबाद, जैसलमेर आणि प्राग या तीन शहरांतून फिरणारी, लेखकाच्या कल्पनेतली ती सफर आहे. सदतीस वर्षांनी ते पुन्हा जैसलमेरला गेले होते. पण चित्रपटातल्या एका कव्वालीत कुरआनातले शब्द वापरले म्हणून काही मुस्लिम संघटनांनी हरकत घेतली आणि हुसेन यांनी तो थिएटरांतून काढून घेतला. ज्यांनी त्यांच्यावर हिंदू देवतांसाठी खटले घातले ते आणि ज्यांनी एका कव्वालीसाठी त्यांना गप्प केलं ते, दोघांचं म्हणणं शेवटी एकच होतं. कोणत्या नजरेने काय पाहायचं ते आम्ही ठरवू. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा आणि त्यानंतर हे स्पष्ट म्हटलं, याचा हिशेब आपणच करायचा आहे.

२००६ मध्ये हुसेन देशाबाहेर गेले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे खटले रद्द केले, कलेच्या बाजूने भक्कम निकाल दिला. तरी ते परतले नाहीत. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेऊन त्यांनी भारतीय पासपोर्ट परत केला. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. पंढरपुरात जन्मलेल्या, चितोडच्या भिंतींवर ऊन पाहत बसलेल्या माणसाला माती मिळाली ती इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या कबरस्तानात.

पाहण्याचा हक्क

या तीन चित्रपटांकडे हल्ली बहुधा दोन प्रकारे पाहिलं जातं. एक म्हणजे ‘किती सुंदर जुने दिवस’ असा उसासा. तो खोटा आहे. १९६७च्या देशात लोक भुकेने मरत होते आणि जातीय दंगलीही होत होत्या. ऑगस्टमध्ये रांचीत झाली ती त्याच वर्षीची. दुसरं म्हणजे चित्रपट-अभ्यासकांचं कौतुक : संकलन किती धीट, ध्वनी किती नवा. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

मला त्यातून एक साधी गोष्ट घ्यावीशी वाटते. राष्ट्रीय ओळख म्हणजे काय, यावर आपल्याकडे दोनच पद्धतींनी बोललं जातं. कुणी ती मागतं, कुणी ती सिद्ध करतं. एक जण ओळखपत्र विचारतो, दुसरा खिसे चाचपतो. या चित्रपटांत एक तिसरी पद्धत दिसते. चालत राहायचं, पाहायचं आणि पाहता पाहता तो मुलूख आपल्या आठवणींत मिसळू द्यायचा. आपल्या आजोबांचा कंदील त्या मुलखात नेऊन ठेवायचा आणि तिथला किडा आपल्या डोळ्यांत घेऊन यायचा. वतन हा शब्द अरबीतून उर्दूत आला. मुळात त्याचा अर्थ राहण्याची जागा. मराठीत आला तेव्हा त्याला वंशपरंपरेने मिळालेली जमीन आणि हक्क असा अर्थ चिकटला, आणि वतनदार म्हणजे ज्याच्याकडे सनद आहे तो. माझ्या दोन भाषांमधलं हे अंतर मला अलीकडे फार जाणवतं. माझ्या वर्गातली मुलं पहिल्या अर्थाने या देशात राहतात आणि दुसऱ्या अर्थाने त्यांच्याकडे सनद मागितली जाते.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पेडर रोडच्या त्याच आवारातल्या गुलशन महालात, जो एकेकाळी एका खोजा व्यापारी घराण्याचा बंगला होता, आता भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. हे चित्रपट पाहायला तिथे जायलाच हवं असं नाही. ‘आय अॅम ट्वेंटी’ इंटरनेटवर सहज सापडतो. शिक्षकांनी तो वर्गात दाखवावा, विशेषतः उर्दू शाळांतल्या. आणि त्यानंतर निबंधाचा विषय ‘माझा देश’ न देता ‘शाळेत येताना वाटेत काय दिसतं’ असा द्यावा. गेल्या वर्षी मी दिला. एका मुलाने गटारावरच्या फळीबद्दल दीड पान लिहिलं : ती कुणी टाकली, पावसात ती कशी तरंगते, कोण तिच्यावरून घसरलं. अब्दुल हमीद त्यात कुठेच नव्हते. त्या वहीत देश शोधावा लागला नाही, तो पहिल्या ओळीपासून होता.